ग्रंथालयात सोडलेला आर्त्योम : 'मेट्रो २०३३'च्या नोंदी

६ जानेवारी

दिमित्री ग्लुखोव्स्कीची 'मेट्रो २०३३' काल रात्री वाचून संपली. अणुयुद्धानंतर मॉस्को मेट्रोच्या बोगद्यांत जगणाऱ्या माणसांची, त्यातल्या आर्त्योम नावाच्या तरुणाची कादंबरी. आज जुन्या डिस्कवर त्याच नावाचा गेम शोधला. चार वर्षांपूर्वी अर्ध्यावर टाकलेला. शेवटचा सेव्ह जिथे सोडला होता तिथेच होता : 'लायब्ररी' हा टप्पा, बंदुकीत तीन गोळ्या, औषधाची सुई एकही नाही, आणि दहा पावलांवर एक ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांच्या ढिगाऱ्यात राहणारा, गोरिलाच्या अंगाचा प्राणी. त्या वेळी याच जागी अकरा-बारा वेळा मेले आणि 'गेमच वाईट बनवलाय' म्हणून मोकळी झाले.

या गेममध्ये स्वतःहून सेव्ह करता येत नाही. ठरावीक जागा ओलांडली की तो आपोआप सेव्ह होतो. म्हणजे उधळेपणा करून एखाद्या टप्प्यात शिरलात की त्या उधळेपणासकट अडकलात. तो सेव्ह वाचवण्यात अर्थ नाही. पहिल्यापासून सुरू करायचं.

एवढं केलं तर प्रकल्प कसला? म्हणून मॉस्को मेट्रोचा नकाशा मोठ्या कागदावर छापून घेतला. कादंबरीतल्या आर्त्योमचा प्रवास नारिंगी पेन्सिलीने, गेममधल्याचा निळ्या. आणि गेमचा दुसरा शेवट मिळवायचा. तो मिळतो कसा हे पडद्यावर कुठेच सांगत नाहीत, पण खेळणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं.

७ जानेवारी

२०१० चा मूळ गेम नव्या मशीनवर कुरकुरतोय. त्याची २०१४ ची सुधारित आवृत्ती, 'रिडक्स', घेतली. तिच्यात खेळायच्या दोन तऱ्हा आहेत : 'स्पार्टन', म्हणजे भरपूर दारूगोळा आणि मारामारी, 'सर्व्हायव्हल', म्हणजे सगळ्याचीच टंचाई. मागच्या वेळी मी जशी खेळले होते ती 'स्पार्टन'ची वृत्ती, फक्त दारूगोळा टंचाईचा. या वेळी 'सर्व्हायव्हल'. आवाज रशियन ठेवलेत. भाषा कळत नाही, पण पात्रं इंग्रजीत बोलायला लागली की बोगदा स्टुडिओसारखा वाटतो.

बाकी आज काही नाही. माउसची गती लावण्यात तास गेला.

११ जानेवारी

'एक्झिबिशन'. आर्त्योमचं घर. मागच्या वेळी हे नाव मला निरर्थक वाटलं होतं. बोगद्यातल्या वस्तीला 'प्रदर्शन' कोण म्हणेल? कादंबरीत ते व्हेदेएनखा आहे, मॉस्कोचं खरंखुरं स्टेशन, १९५८ मध्ये सुरू झालेलं. सोव्हिएत अर्थव्यवस्थेच्या कर्तबगारीचं जे कायमचं प्रदर्शन होतं, त्याच्या लांबलचक नावाची ही आद्याक्षरं. गेमच्या इंग्रजी आवृत्तीने त्यातला 'प्रदर्शन' तेवढा उचलला आणि बाकी टाकून दिलं.

कादंबरीत या स्टेशनाचा चहा साऱ्या मेट्रोत नावाजलेला आहे. मशरूमचा चहा. त्या चहावर स्टेशन जगतं, त्याच्या बदल्यात काडतुसं येतात. कारण चलनच काडतूस आहे : एक गोळी, एक नाणं. गेमने ही कल्पना उचलून तिला आणखी एक पीळ दिला. गोळ्या दोन प्रकारच्या. युद्धाआधी कारखान्यात बनलेल्या चांगल्या, त्यांचे पैसे होतात. आणि मेट्रोत हाताने बनवलेल्या मळकट, त्यांनी मारायचं. चांगल्या गोळ्या बंदुकीत भरता येतात, त्या जास्त लागतातही, पण मग तुम्ही शब्दशः पैसे झाडत असता. मागच्या वेळी मी ते बिनदिक्कत करत होते, हे आज आठवलं आणि लाज वाटली.

आज स्टेशनात पाऊण तास नुसती हिंडले. दवाखान्याजवळ थांबले, भिंतीला टेकून बसलेल्यांच्या गप्पा ऐकल्या. एकदा पडदा क्षणभर उजळला आणि कुजबुजल्यासारखा आवाज आला. हीच ती खूण. गेम तुमचा एक गुप्त हिशेब ठेवतो. कुणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलंत, भिकाऱ्याला गोळी दिलीत, मारता येत असूनही सोडून दिलंत, की त्यात भर पडते. ही खूण चार वर्षांपूर्वीही मला दिसली असणार. तेव्हा ग्राफिक्स कार्ड बिघडलं असं वाटलं होतं.

१२ जानेवारी

एक गोष्ट खटकते, लिहून ठेवते. कादंबरीतला आर्त्योम सतत बोलतो. शेकोटीशी बसलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारतो, ज्याचं ऐकतो त्याचं त्याला पटतं आणि पुढच्या स्टेशनात दुसऱ्याचं पटतं. गेममधला आर्त्योम मुका. टप्पा लोड होताना तेवढा स्वतःशी बोलतो, मग पुन्हा तोंडाला कुलूप. लोक त्याच्याशी बोलतात आणि तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहतो.

अर्थात मुका असला तरी ऐकू शकतोच की. मीच ऐकत नव्हते.

१८ जानेवारी

रीगा स्टेशन, बूर्बोन, आणि नकाशावरची पहिली फारकत.

दोन्हीकडे बूर्बोन हा वाटाड्या कम गुंड आर्त्योमला सोबत घेतो, कारण बोगद्यातल्या ज्या गोष्टीने इतरांचं डोकं फिरतं ती या पोराला बाधत नाही असं त्याला दिसतं. दोन्हीकडे तो मरतो, आणि त्यानंतर खान नावाचा विलक्षण माणूस येतो. पण मरण वेगळं. गेममध्ये तो डाकूंशी झालेल्या गोळीबारात जातो. कादंबरीत बोगद्याच्या भिंतीवरून पाइप गेलेले आहेत, त्यांतून काहीतरी ऐकू येतं, आणि बूर्बोन चालता चालता वेगळंच बोलायला लागतो. दात नाही, नखं नाहीत, कुणी अंगावर येत नाही. मी ते प्रकरण रात्री वाचलं आणि स्वयंपाकघरातल्या नळाच्या पाइपाने केलेला आवाज त्या आठवड्यात दोनदा उठून ऐकला.

गेममध्ये त्याच बोगद्यांतून नोसालिस धावून येतात : उंदीर आणि अस्वल यांच्या मधलं काहीतरी, पंधरा-वीसच्या झुंडीने. माझं मत बदललेलं नाही, ही गेमची सगळ्यात कमकुवत बाजू आहे. कादंबरीतल्या बोगद्यांत बहुतेक वेळा काहीच नसतं, आणि 'काहीच नाही'वर गोळी कशी झाडायची हा प्रश्न गेम बनवणाऱ्यांना सुटलेला नाही. निदान या टप्प्यांत तरी.

१९ जानेवारी

नकाशा. नारिंगी रेघ : व्हेदेएनखा, अलेक्सेयेव्स्काया, रीझस्काया, प्रोस्पेक्त मीरा, सुखारेव्स्काया, तुर्गेनेव्स्काया, कितायगोरद. योगायोग म्हणजे खऱ्या नकाशावरही या मार्गाचा रंग नारिंगीच आहे, त्यामुळे माझी रेघ दिसेनाशी झाली. पुन्हा जाड केली.

लाल मार्गाचं असंच. कादंबरीत कम्युनिस्टांनी त्यावर राज्य मांडलंय, आणि मॉस्कोच्या नकाशावर तो मार्ग लालच रंगवतात. १५ मे १९३५ रोजी मेट्रो सुरू झाली ती मुख्यतः याच मार्गावर, एका फाट्यासकट तेरा स्टेशनांची, सुमारे अकरा किलोमीटर. लेखकाला आयतं मिळालं. रागवायचं कारण नाही, मिळालेलं वापरायला पण अक्कल लागते.

२५ जानेवारी

आज सगळं चुकलं. 'डेड सिटी', म्हणजे वर, जमिनीवर. हवा विषारी, गॅस मास्क घालावा लागतो, त्याच्या फिल्टरची उरलेली मिनिटं मनगटावरच्या घड्याळात दिसतात. आकडा कोपऱ्यात लटकत नाही, हात वर करून बघायचं. मास्कवर ओल धरते, ती पुसायची. काचेला तडे जातात. श्वास जड झाला की समजायचं.

मी 'ऐकण्या'च्या नादात प्रत्येक कोपरा हुंगत फिरले आणि फिल्टर संपवले. गेम सेव्ह झाला तो अशा जागी की पुढच्या दारापर्यंत पोचायच्या आधीच गुदमरायला होतं. सहा वेळा गुदमरले. चार वर्षांपूर्वी उधळेपणाने अडकले, आता सद्गुणाने.

सातव्यांदा सरळ धावले. वाटेत पडलेल्या एका प्रेताच्या मास्कमुळे वाचले. टप्पा पार.

२ फेब्रुवारी

खानबरोबरचे टप्पे. 'घोस्ट्स' हा एक टप्पा कालच्या तक्रारीला उत्तर आहे. (काल म्हणजे पंधरा दिवसांपूर्वी. नोंदी रोज होत नाहीयेत.) बोगद्यात माणसांच्या सावल्या आहेत, माणसं नाहीत. टॉर्चचा झोत पडला की भिंतीवर कुणीतरी उभं असल्याचं दिसतं. खान सांगतो, शिवू नकोस, मागे मागे ये. बंदूक हातात असून उपयोग नाही. कादंबरीत खानचं म्हणणं असं की त्या युद्धात स्वर्ग आणि नरकही उद्ध्वस्त झाले, तेव्हा मेलेल्यांना जायला जागाच उरली नाही, ते इथे पाइपांत राहतात. हे वाचलेलं असल्यामुळे आज त्या भिंतींकडे टॉर्च मारताना मला भीती कमी आणि संकोच जास्त वाटला. कुणाच्या तरी घरातून चप्पल घालून चालल्यासारखं.

मग 'आर्मरी', म्हणजे कुझ्नेत्स्की मोस्त. तिथे आंद्रेई लोहार भेटतो. त्या नावाचा अर्थच 'लोहारांचा पूल' असा आहे. गेमने केलेला हा विनोद मागच्या वेळी माझ्या डोक्यावरून गेला होता.

३ फेब्रुवारी

'फ्रंट लाइन'. एका बाजूला लाल, एका बाजूला नाझी, मधून आर्त्योमने जायचं. मागच्या वेळी इथे दोन्हीकडच्यांना टिपून काढलं होतं, बराच अभिमानही वाटला होता. आज दिवे विझवत, पुलाखालून, एकालाही न मारता गेले. तीन तास. दोघे शिपाई गप्पा मारत होते, त्यांच्या मागे अंधारात उकिडवी बसून राहिले. शब्द कळत नव्हते, पण एकजण हसत होता आणि दुसरा दमलेला होता एवढं कुणालाही कळेल. माझ्या जुन्या खेळात हे दोघे पहिल्या मिनिटाला मेले होते.

शेवटी आर्त्योम पकडला जातोच, आणि स्पार्टा या लढवय्यांच्या गटाचे दोघे, पावेल आणि उलमान, ऐन वेळी येऊन सोडवतात. कादंबरीत ही वेळ फार भयंकर आहे. नाझी त्याला फाशीची शिक्षा देतात, गळ्यात दोर पडतो, आणि चे गेव्हाराचं नाव लावणारी क्रांतिकारकांची एक फिरती तुकडी त्याला सोडवून नेते. दोर पडण्याआधीची रात्र ग्लुखोव्स्कीने खूप लांब लिहिली आहे. गेममध्ये ती रात्र नाही.

९ फेब्रुवारी

आज खेळले नाही. नकाशावर निळी रेघ कुझ्नेत्स्की मोस्तच्या पुढे जवळजवळ सरळ 'पोलिस' नावाच्या भूमिगत शहराकडे जाते. नारिंगी मात्र दक्षिणेला पावेलेत्स्कायापर्यंत उतरते, वर्तुळ मार्गावर चढते आणि करड्या मार्गाने परत वर येते. या फेऱ्यात जे गळलंय ते माझ्या मते कादंबरीचं काळीज आहे.

पावेलेत्स्कायाला आर्त्योम उंदरांच्या शर्यतीवर पैज लावतो. हरतो. पैजेपोटी वर्षभर संडास साफ करायचे. दिवसेंदिवस तो ते करतो, आणि मग एके दिवशी नुसता चालू लागतो. पहारेकरी असतात, पण त्याच्या अंगाला येणारा वास असा की त्याला हात लावायला कुणी पुढे होत नाही. जगाला वाचवायला निघालेला नायक घाणीच्या जोरावर सरहद्द ओलांडतो! असला टप्पा कोणता गेम बनवेल? बनवला तर मी सगळी काडतुसं देईन.

मग पोल्यान्का. तिथे त्याला दोन माणसं भेटतात, गप्पा होतात. विषय : माणसाच्या आयुष्याला कथानक असतं का. नंतर कळतं की ते स्टेशन रिकामं असल्याचं सगळ्यांना ठाऊक आहे. आर्त्योमला आपण पुढे का चाललोय याचं जे काही उत्तर मिळतं ते इथे मिळतं. गेमचा आर्त्योम पुढे जातो कारण दार तिकडे आहे.

१६ फेब्रुवारी

'चाइल्ड' : साशा नावाच्या पोराला पाठीवर घेऊन चालायचं. पोराच्या वजनाने नेम हलतो. शेवटी त्याची आई बक्षीस म्हणून गोळ्या देऊ करते. नको म्हटलं. कुजबुज, उजेड.

हिशेब वाढावा म्हणून नको म्हटलं की तिची दया आली म्हणून, हे आता मलाच सांगता येत नाही. गुप्त हिशेब माहीत असण्याचा हा तोटा.

पुढे पोलिस. चार स्टेशनांचं शहर, मेट्रोतलं सगळ्यात सुसंस्कृत, आणि गेम आपल्याला तिथून जवळजवळ ढकलतच नेतो. मोठी निराशा. कारण कादंबरीत पोलिसची समाजरचना अशी : ग्रंथ सांभाळणारे ते ब्राह्मण, शस्त्र धरणारे ते क्षत्रिय, शिवाय व्यापारी आणि सेवेकरी. हे शब्द माझे नाहीत, मूळ रशियन कादंबरीतच आहेत. मॉस्कोच्या जमिनीखाली अणुयुद्धानंतर माणसं पुन्हा समाज उभा करतात आणि नेमकी हीच मांडणी उचलतात. मराठी वाचकाला त्या पानावर हसू येतं आणि लगेच विरतं. ब्राह्मण आणि क्षत्रियांचं तिथे आधी रक्तरंजित भांडण होऊन गेलेलं आहे आणि आता ते एकमेकांना सांभाळून आहेत. सेवेकऱ्यांबद्दल मात्र कादंबरीही फार बोलत नाही. मी समासात प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

२२ फेब्रुवारी

लायब्ररी.

आधी कादंबरी. आर्त्योमबरोबर दानिला नावाचा तरुण ब्राह्मण येतो. त्यांना हवं असतं भविष्य सांगणारं एक पुस्तक, आणि ते आर्त्योमला जाणवेल अशी ब्राह्मणांची अटकळ. त्याला काहीही जाणवत नाही. ग्रंथपाल दानिलाला फाडतो, आणि मरणाऱ्या दानिलाचे शब्द त्याच्याच आवाजात परत म्हणतो. गेममध्ये दानिला जखमी होतो, पण त्याला माघारी नेलं जातं. शोधायची ती कागदपत्रं, क्षेपणास्त्रांकडे नेणारी. अद्भुत गेलं, फाइल राहिली.

पण ग्रंथपाल! त्याला मारायचं नसतं. तो समोर आला की थांबायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं, आणि पाठ न फिरवता एकेक पाऊल मागे सरकायचं. बघत राहिलात तर तो थोडा वेळ गुरगुरतो, डोकं हलवतो आणि निघून जातो. पाठ फिरवलीत की अंगावर येतो. बस, एवढंच. चार वर्षांपूर्वीही हे मला कुणीतरी सांगितलं होतं बहुधा, टप्प्याच्या तोंडाशीच स्पार्टाचा म्होरक्या मिलर काहीतरी बडबडत होता आणि मी तेव्हा पिशवीतल्या गोळ्या मोजत होते.

आज पहिला ग्रंथपाल आला तेव्हा बोट ट्रिगरवरून काढून टेबलावर ठेवलं. तो इतका जवळ आला की पडद्यावर फक्त तोंड. मागे सरकले. कपाटाला धडकले. मागे जागा नाही. बघत राहिले. तो वळला.

अख्खी लायब्ररी चार गोळ्यांत. त्यातल्या दोन घाबरून छताला लागल्या.

२३ फेब्रुवारी

आज एक जुनी बातमी पुन्हा वाचली. हा गेम कीवमध्ये बनला, फोर-ए गेम्समध्ये. तिथल्या बऱ्याच जणांनी आधी 'स्टॉकर' या गेमवर काम केलेलं. मॉस्कोच्या लेखकाचं पुस्तक, कीवचे कारागीर. युक्रेनवरच्या हल्ल्याविरुद्ध बोलल्याबद्दल २०२३ मध्ये मॉस्कोच्या न्यायालयाने ग्लुखोव्स्कीला, तो देशाबाहेर असताना, आठ वर्षांची शिक्षा सुनावली. नकाशावरचं 'फ्रंट लाइन' आज नीट बघवलं नाही.

१ मार्च

डी-६ हा गुप्त लष्करी तळ, त्यातला जैविक लगदा, सगळं भराभर उरकलं. हे टप्पे मला आवडत नाहीत. स्फोट, लिफ्ट, स्फोट.

संध्याकाळी ओस्तान्किनोचा मनोरा. ५४० मीटर. कादंबरीत आर्त्योमबरोबर उलमान चढतो, गेममध्ये मिलर. वरून क्षेपणास्त्रांना दिशा द्यायची, म्हणजे 'काळे' नावाचे ते प्राणी, ज्यांच्या भीतीने ही सारी वणवण, एकदाचे संपतील. हे काळे खाली उतरायला लागले त्याला कारण लहानपणचा आर्त्योमच. 'बोतानिचेस्की साद' स्टेशनाचं हवाबंद दार त्याने आणि दोन मित्रांनी गंमत म्हणून उघडलं होतं. कादंबरीत हे पहिल्याच प्रकरणांत येतं आणि पुढे प्रत्येक पानाखाली वाहत राहतं. गेममधून ते माझ्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं.

स्वप्नातला तो चक्रव्यूह संपला. मनोरा. समोर लेसरचं यंत्र, आणि हातात बंदूक. हिशेब पुरला होता. यंत्रावर गोळी झाडली की क्षेपणास्त्रं चुकतात, काळे वाचतात. काळे शत्रू नाहीत, ते इतकी वर्षं बोलायचा प्रयत्न करत होते, हे आर्त्योमला आत्ताच उमगलेलं असतं. कादंबरीतही उमगतं. फक्त तिथे काही सेकंद उशिरा.

ट्रिगरवर बोट ठेवून मी बसून राहिले. दोन महिने याचसाठी. आणि झाडली नाही. मुद्दाम म्हणावं तर तसंही नाही. पुस्तकातलं शेवटचं पान डोळ्यांसमोर आलं आणि वेळ संपली. क्षेपणास्त्रं पडली.

२ मार्च

शेवटचा टप्पा पुन्हा लावला. झाडली. यंत्र मनोऱ्यावरून खाली गेलं. छान वाटलं, खोटं कशाला सांगू. पण कालचा शेवट खरा, हा बक्षीस समारंभ.

नकाशा पुरा केला. ओस्तान्किनोचा मनोरा व्हेदेएनखापासून चालत जाण्याइतका जवळ आहे, हे कागदावर बघेपर्यंत लक्षात आलं नव्हतं. इतका मोठा फेरा घालून आर्त्योम घराच्याच डोक्यावर येऊन उभा राहतो. निळी रेघ, काल काय आणि आज काय, तिथे मनोऱ्यावर थांबते. नारिंगी रेघ अजून बोटभर पुढे जाते : खाली, रस्त्यावरून, मास्क काढून, व्हेदेएनखात. तेवढा बोटभर तुकडा काढायला पेन्सिलीला पुन्हा टोक करावं लागलं.